बँड, अमेरिकेतील विद्यापीठीय

विद्यापीठातील विद्यार्थ्यांचा सुषिर, अवनद्ध व घन वाद्यांचा वृंद. भारतीय चतुर्विध वाद्यवर्गीकरणातील तत वाद्ये त्यात सामान्यतः नसतात. क्वचित डबल बेस तेवढा घेतला जातो. ‘बँड’ म्हटले, की आपल्याकडे लग्नाची वरात किंवा पोलिसांचे संचलन डोळ्यांसमोर येते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र तो पदवी व पदव्युत्तर संगीतशिक्षणाचा रीतसर विषय आहे. हे स्थान त्याला सहजासहजी मिळालेले नाही.

या बँडांची मुळे संगीतविभागात नसून बव्हंशी कवायतीच्या मैदानावर आहेत. १८६२ च्या मॉरिल कायद्यान्वये संघशासनाने घटक राज्यांना जमिनी दिल्या व त्यांच्या उत्पन्नातून कृषी व यंत्रविद्येची महाविद्यालये निघाली. त्यांच्या अभ्यासक्रमात लष्करी शिक्षणाचा अंतर्भाव आवश्यक होता. छात्रपथकाला पावले जुळवून चालण्यास वाद्ये लागत; ती वाजविणारे विद्यार्थी हाच तेथील पहिला बँड. पुढे फुटबॉलच्या सामन्यांनी त्याला दुसरा धनी मिळवून दिला. १९०७ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाच्या बँडने मैदानावर ‘पी’ हे अक्षर रचले आणि संचलनातून आकृती साकारण्याची प्रथा रूढ होत गेली. प्रेक्षकांना हा प्रकार अतिशय आवडला. वादनाची गुणवत्ता मात्र गौण ठरू लागली.

मैफलीचा बँड घडविण्याचे मोठे श्रेय ऑल्बर्ट ऑस्टिन हार्डिंग (१८८०–१९५८) यांना द्यावे लागते. मूळचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी असलेल्या हार्डिंग यांनी १९०५ पासून १९४८ पर्यंत इलिनॉय विद्यापीठाचा बँड सांभाळला. बँडसाठी लिहिलेले दर्जेदार संगीत तुटपुंजे असल्याने त्यांनी वाद्यवृंदाच्या रचना बँडसाठी रूपांतरित केल्या. व्हायोलिनांचे काम बहुधा क्लॅरिनेटांकडे येई. प्रख्यात बँडसंचालक व रचनाकार जॉन फिलिप सूझा (१८५४–१९३२) यांच्या संगीतसंग्रहाचा मोठा भाग याच विद्यापीठाकडे आला, यावरून त्याची प्रतिष्ठा दिसते. मिशिगन विद्यापीठात विल्यम रेव्हेली (१९०२–९४) यांनी १९३५ ते १९७१ या काळात शिस्त व स्वरशुद्धी यांचा कठोर आग्रह धरला. त्यांच्या बँडने १९६१ मध्ये सोव्हिएट संघाचा दौरा केला.

या वैभवात सर्वांना वाटा नव्हता. अनेक मोठ्या विद्यापीठांच्या संचलन-बँडांत स्त्रियांना प्रवेश नसे. शिक्षणातील लिंगभेदाला मनाई करणारा कायदा १९७२ मध्ये झाला. त्याच वर्षी मिशिगनने व १९७३ मध्ये ओहायओ स्टेट विद्यापीठाने त्यांना दारे उघडली. कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांनी तर स्वतःची वेगळी परंपराच निर्माण केली. फ्लॉरिडा ए. अँड एम. विद्यापीठात विल्यम फॉस्टर (१९१९–२०१०) यांनी १९४६ पासून उभारलेला बँड फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीनिमित्त १९८९ मध्ये पॅरिसच्या संचलनात वाजला. याच बँडमधील एका विद्यार्थ्याचा २०११ मध्ये सहकाऱ्यांनी केलेल्या छळामुळे मृत्यू झाला. बँड निलंबित झाला व २०१३ मध्येच पुन्हा मैदानात उतरला. ज्या संघभावनेचा असे बँड अभिमान बाळगतात, तिची ही काळी बाजू चरित्रग्रंथांतील गौरवाआड झाकू नये.

संगीतदृष्ट्या खरा पेच निराळाच होता. वाद्यवृंदात बासरीवादक दोन किंवा तीनच लागतात. बँडमध्ये पुष्कळ मावतात, परंतु एकच ओळ अनेकांनी मिळून वाजविल्याने एकेकाचा गुणदोष त्या गर्दीत लपतो. रॉचेस्टर येथील ईस्टमन संगीतविद्यालयाचे फ्रेडरिक फेनेल (१९१४–२००४) यांना यावरचा उपाय १९५१ मध्ये यकृतदाहाने रुग्णालयात पडून असताना सुचला, असे सांगतात. १९५२ मध्ये त्यांनी ‘ईस्टमन विंड एन्सेंबल’ स्थापन केले. प्रत्येक स्वरपंक्तीला एकच वादक आणि रचनाकाराने सांगितलेली तेवढीच वाद्ये, हे त्याचे तत्त्व होय. १९५३ च्या पहिल्या मैफलीत मोट्सार्टची सेरेनेड आणि हिंडेमिटची १९५१ मधील सिंफनी एकत्र वाजली. सुषिरवाद्यांना उसन्या संगीताची गरज नाही, हे यापेक्षा नेमकेपणाने सांगता आले नसते. तथापि वादक कमी झाले म्हणजे वगळलेले विद्यार्थी वाढले. म्हणूनच बहुतेक मोठी विद्यापीठे लहान वृंद व मोठा बँड असे दोन्ही चालवितात.

तालवाद्यांच्या विद्यार्थ्याची स्थिती याहून बिकट होती. बँडमध्ये त्याचा बराचसा वेळ विरामाच्या मात्रा मोजण्यात जाई. एडगर व्हारेझ (१८८३–१९६५) यांनी ‘आयोनिझासियाँ’ ही तेरा वादकांची रचना १९३१ मध्येच पूर्ण केली होती. पण शिक्षणक्रमाला तिची दखल घेण्यास वेळ लागला. १९५० मध्ये पॉल प्राइस (१९२१–८६) यांनी इलिनॉय विद्यापीठात तालवाद्यवृंदाचा गुणांकित अभ्यासक्रम सुरू केला. तेव्हापासून पडघमवादकाला टिंपनी, झायलोफोन व मारिंबा यांचाही अभ्यास करून संपूर्ण मैफल स्वतःच्या वाद्यांवर उभी करण्याची संधी मिळू लागली.