हक्काची रजा आणि हक्काचें ज्ञान

कायदा केव्हां झाला हें इतिहासकार टिपून ठेवतो. पण ज्याच्यासाठीं तो झाला त्याच्या कानीं तो पडला कीं नाहीं, याची नोंद क्वचितच होते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एक अलीकडचें उदाहरण या दृष्टीनें विचारार्ह आहे.

त्या देशांत १९९३ सालीं कौटुंबिक व वैद्यकीय रजेचा कायदा झाला. त्यानें १२ आठवड्यांच्या रजेचा हक्क मिळाला खरा, पण ती रजा बिनपगारी. हातावर पोट असलेल्या माणसास असा हक्क असून नसल्यासारखाच. पुढें कोविडची साथ आली आणि १८ मार्च २०२० रोजीं नव्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. खासगी मालकांपैकीं पांचशेंहून कमी नोकर असणारेच त्याच्या कक्षेंत आले. सरकारी कचेऱ्यांस मात्र संख्येची अट नव्हती. स्वतः आजारी वा विलग असलेल्यास ८० तासांपर्यंत पूर्ण पगारी रजा, रोजची मर्यादा ५११ डॉलर. आजाऱ्याच्या शुश्रूषेसाठीं दोनतृतीयांश पगार, अशी योजना होती. शाळा बंद पडल्यानें मुलांसाठीं घरीं राहणाऱ्यांस आणखी १० आठवडे दोनतृतीयांश पगारी रजा होती. पण मध्यवर्ती सरकारचे बहुतेक नोकर या लाभांतून वगळले गेले.

याहून विलक्षण गोष्ट निराळीच. आरोग्यसेवकांस ही रजा नाकारण्याची मुभा मालकांस होती, आणि मजूरखात्यानें ‘आरोग्यसेवक’ या शब्दाची व्याख्या इतकी सैल केली कीं, वैद्यकीय शाखा असलेल्या विद्यापीठांतील इंग्रजीचा प्राध्यापकही तींत बसे! न्यूयॉर्क येथील न्यायालयानें ३ ऑगस्ट २०२० रोजीं ती व्याख्या रद्द ठरविली. प्राध्यापक सुटला, परंतु रुग्णाच्या उशाशीं उभी असलेली परिचारिका मात्र नव्या व्याख्येंतही राहिलीच. जिला संसर्गाचें भय सर्वांत अधिक, तिचीच रजा मालकाच्या मर्जीवर!

हक्कांची माहिती देणारें पत्रक कचेरींत ठळक जागीं लावावें, घरून काम करणाऱ्यांस तें विजेच्या टपालानें धाडलें तरी चालेल, असा नियम होता. पण पत्रक लावणें म्हणजे शिकविणें नव्हे. मध्यवर्ती सरकारच्या नोकरांस भेदभावाविरुद्धच्या हक्कांचें शिक्षण दर दोन वर्षांनीं द्यावें, असें २००२ च्या कायद्यान्वयें ठरलेलें होतें. म्हणजे हक्क शिकवावे लागतात, हें तत्त्व त्या राष्ट्रास ठाऊक होतें. तथापि ८० तासांची ही रजा १ एप्रिलला अमलांत आली आणि ३१ डिसेंबर २०२० रोजीं तिची सक्ती संपली. नऊ महिन्यांचें आयुष्य लाभलेला हक्क समजून घेण्यास माणसास अवधि तो किती?

मार्च २०२१ मध्यें मध्यवर्ती नोकरांच्या रजेसाठीं ५७ कोटि डॉलरांचा निधि निघाला. तोही त्याच वर्षाच्या ३० सप्टेंबरपर्यंतच. साथ आली कीं औदार्य जागें होतें, आणि ती ओसरूं लागली कीं तें निजतें. म्हणून रजेचा कायदा आणि त्याचें शिक्षण हीं दोन्हीं निरोगी काळांतच सिद्ध असावींत. घराला आग लागल्यावर विहीर खणूं नये, हें आपले वाडवडील सांगत आले. विहिरीची वाट घरांतल्या प्रत्येकास ठाऊक असावी, एवढीच त्यांत भर घालावयाची.