अनुशेषाची कुळकथा

मराठवाडा महाराष्ट्रात बिनशर्त आला, हे वाक्य नांदेड-लातूरच्या कुठल्याही सभेत ऐकायला मिळते. टाळ्याही पडतात. पण २८ सप्टेंबर १९५३च्या नागपूर करारावर मराठवाड्याच्या पुढाऱ्यांच्याही सह्या आहेत. निधी लोकसंख्येच्या प्रमाणात वाटायचा, मात्र मराठवाडा मागास म्हणून त्याकडे खास लक्ष द्यायचे, असे त्यात लिहिले होते. अट होती, ती पाळायला कुणी बांधील नव्हते, एवढेच.

१९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने विकास मंडळांची तरतूद कलम ३७१(२)मध्ये आली. समन्यायी वाटपाची विशेष जबाबदारी राष्ट्रपती राज्यपालांवर सोपवू शकतात, असे ते कलम सांगते. ‘शकतात’वर अडतीस वर्षे गेली.

तक्रारीला आकडा मिळाला तो अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांमुळे. वसंतदादा पाटलांच्या सरकारने १९८३ साली नेमलेल्या त्यांच्या समितीची रीत सोपी होती. रस्ते, सिंचन, शेतीपंपांची वीजजोडणी अशा एकेका बाबीत राज्याची सरासरी काढायची, जिल्हा तिच्या खाली किती आहे ते पाहायचे आणि ती तूट भरून काढायचा खर्च मांडायचा. हाच अनुशेष. राज्याचा निघाला सुमारे ३,१८६ कोटी, त्यात मराठवाड्याचा ७५० कोटी. तोवर ‘आमच्यावर अन्याय झाला’ असे म्हणणाऱ्याच्या हाती आता रुपये-पैशांत मांडलेले कोष्टक आले. गोविंदभाई श्रॉफांची मराठवाडा जनता विकास परिषद वैधानिक विकास मंडळासाठी लढली. मंडळ आले १९९४ साली.

पण मोजमाप जिल्ह्याचे होते, आणि माझ्या मते पुढची भांडणे तिथेच रुजली. प्रदेशाचा वाटा मागता मागता जिल्हा जिल्ह्याकडे संशयाने पाहू लागला. २००९मध्ये नांदेडला महसूल आयुक्तालय द्यायचे ठरले आणि लातूर रस्त्यावर उतरले. आयुक्तालय ना इकडे झाले, ना तिकडे. दोन्हीकडचे लोक आजही संभाजीनगरच्या आयुक्तालयाची वाट धरतात. तेलंगण वेगळे झाल्यावर काही वर्षांनी धर्माबाद तालुक्यातल्या गावांनी आम्हाला तिकडे जोडा म्हटले. कारण भाषा नव्हे, पलीकडच्या शेतकऱ्याला मिळणाऱ्या सवलती.

मार्च २०१६मध्ये महाधिवक्ता श्रीहरी अणे जालन्यात स्वतंत्र मराठवाड्याबद्दल बोलले आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. पुढच्याच महिन्यात मिरजेहून पाण्याची रेल्वे दुष्काळी लातूरला आली. तरी वेगळ्या राज्यासाठी इथे मोठे आंदोलन उभे राहिले नाही. इथला माणूस फुटून निघायचे म्हणत नाही, तो खातेवही दाखवा म्हणतो.

ती दाखवणाऱ्या मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. २०२२मध्ये मंत्रिमंडळाने पुनर्गठनाचा निर्णय घेतला. सभेत पुन्हा ‘बिनशर्त’ ऐकाल, तेव्हा वक्त्याला आपल्या जिल्ह्याचा आकडा विचारा.