चेतापेशीतील पटल-वाहतूक

पटलाने वेढलेल्या सूक्ष्म पुटिका चेतापेशीत तयार होणे, ठरल्या जागी पोहोचणे, पेशीपटलात मिसळणे आणि पुन्हा आत ओढल्या जाणे ही प्रक्रिया. तिच्या प्रत्येक टप्प्याला वेगळी प्रथिने लागतात. कंबरेपासून पावलापर्यंतचा अक्षतंतू सुमारे एक मीटर भरतो, पण बहुतेक प्रथिने पेशीकायेतच बनतात. एवढे अंतर नुसत्या विसरणाने कापले जात नाही. कायनेसिन गटातील प्रथिने एटीपी खर्चून पुटिका सूक्ष्मनलिकांवरून टोकाकडे नेतात (जलद वहन दिवसाला 200 ते 400 मिमी.), डायनीन उलट दिशेने आणते. धनुर्वाताचे विष याच परतीच्या वाटेने मज्जारज्जूपर्यंत चढते. तेथे ते पुटिकेवरील सिनॅप्टोब्रेव्हिन हे प्रथिन तोडते, स्नायूंना आवर घालणारे रसायन स्रवेनासे होते आणि रोग्याची दातखीळ बसते.

टोकाशी पुटिकेवरील सिनॅप्टोब्रेव्हिन आणि पेशीपटलावरील सिन्टॅक्सिन व स्नॅप-25 या स्नेअर प्रथिनांचा पीळ बसला की दोन्ही पटले एकजीव होतात. कॅल्शियम आल्याची, म्हणजे मिसळण्याच्या इशाऱ्याची, दखल सिनॅप्टोटॅग्मिन घेते. वापरलेला पीळ एनएसएफ सोडवते. नवी पुटिका पटलापासून डायनामिन तोडते.

यातील शेवटच्या दोन प्रथिनांची कथा फळमाशीतून उलगडली आणि तिचा एक धागा मुंबईचा आहे. होमी भाभांच्या निमंत्रणावरून 1962 मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आलेले ओबेद सिद्दीकी यांनी सेमूर बेन्झर यांच्यासह उष्णतेने लुळ्या पडणाऱ्या माश्यांवरील अभ्यास 1976 मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील ‘कोमाटोज’ माशी गारव्यात आणल्यावरही बराच वेळ उठत नाही. तिच्यात एनएसएफ सदोष असल्याचे 1995 मध्ये अमेरिकेत उमगले. बिघाड आधी आणि प्रथिन मागून हा क्रम जनुकशास्त्रात नेहमीचाच, पण येथे मध्ये एकोणीस वर्षे गेली. ‘शिबिरे’ माशीत दोष डायनामिनचा. उष्णतेत तिच्या सिनॅप्समधील (चेतापेशींच्या जोडांतील) पुटिका संपतात, गारव्यात ती लवकर सावरते. तिच्यावर मुंबईत के. एस. कृष्णन यांनी काम केले.

याच संस्थेत संध्या कौशिका पारदर्शक सूत्रकृमीच्या अक्षतंतूंतील वहन अभ्यासतात. पुटिकांशी बंध सुटला की यूएनसी-104 हे कायनेसिन विघटित होते, असे त्यांच्या गटाने 2010 मध्ये दाखवले. माणसातील त्याचा प्रतिरूप केआयएफ1ए. त्याच्या जनुकातील बदलांमुळे पाय ताठरण्याचे आनुवंशिक विकार होतात.