देवळालीचा ताप

इंग्रजीत एखाद्याचे डोके फिरले की तो 'डुलॅली' झाला म्हणतात. राहात्यात इंग्रजी वाक्प्रचार पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला हा शब्द साहेबाच्या देशातला वाटतो. प्रत्यक्षात तो शिर्डी-सिन्नरच्या वाटेने शंभरेक किलोमीटरवरचा आहे. डुलॅली म्हणजे नाशिकजवळची देवळाली. मुंगसाचे 'माँगूज', चिठ्ठीचे 'चिट' आणि विलायतीचे 'ब्लायटी' झाले, हे बहुतेकांना ठाऊक असते. देवळालीची गोष्ट मात्र त्यांच्याहून गुंतागुंतीची आहे.

देवळालीची लष्करी छावणी 1861 ची. हिंदुस्थानातली मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाण्याआधी इथे येऊन थांबत. सैन्य नेणारी जहाजे साधारण हिवाळ्यातच सुटत. हंगामातले शेवटचे जहाज हुकले की उन्हाळा आणि पावसाळा छावणीतच काढायचा. कवायत नाही, काम नाही. दारू आणि भांडणे मात्र भरपूर. फ्रँक रिचर्ड्स या जुन्या शिपायाने 1936 च्या आपल्या आठवणींत हे रिकामपण नोंदवले आहे: वर्षानुवर्षे शिस्तीत राहिलेली माणसेही इथे बिघडत. 1878 मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाल्यावर नगरच्या छावणीतल्या शिपायाचीही सोय झाली. पुणतांबा, कोपरगाव मागे टाकायचे, मनमाडला गाडी बदलायची, की पुढे देवळाली. म्हणजे हे वेड राहाता तालुक्याच्या शिवारातूनही गेले असणार.

देवळालीत वेड्यांचे इस्पितळ होते, म्हणून हा शब्द रूढ झाला, अशीही एक कथा सांगतात. मराठी माणसाला ती पटकन पटते, कारण आपल्याकडेही 'याला ठाण्याला न्या', 'येरवड्याला पाठवा' असे सर्रास म्हणतात. पण ठाणे-येरवड्याचा न्याय देवळालीला लावणे घाईचे ठरते. वेड लावायला नुसते थांबणे पुरेसे होते. त्यासाठी इस्पितळाची गरज नव्हती.

खरा वाद शेपटीचा आहे. मूळ प्रयोग नुसता 'डुलॅली' नव्हता, 'डुलॅली टॅप' असा होता. 1925 च्या शिपाईबोलीच्या एका कोशात तो 'वेडा' या अर्थाने आणि जुन्या फौजेतला म्हणून नोंदला आहे. हा 'टॅप' कुठला? एक पक्ष म्हणतो, इंग्रजीच; डोक्यावर बसलेली टपली. दुसरा म्हणतो, आपला 'ताप'. दुसऱ्या पक्षाचे पारडे जड आहे, कारण मराठीत 'डोक्याला ताप' म्हणताना थर्मामीटर कुणीच शोधत नाही. ज्वर आणि कटकट हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात मावतात, आणि देवळालीत अडकलेल्या शिपायाच्या नशिबीही दोन्ही होती.

तरी मराठीच्या दाव्याला एक अडचण आहे. कानाने शिकणारा शिपाई दीर्घ 'आ' सहसा सोडत नाही; चहाला तो 'चार' म्हणे आणि तो 'आ' चांगला लांबवी. 'ताप' कानावर पडला असता तर त्याचा 'टॅप' कशाला झाला असता? शिवाय फौजेची बोली हिंदुस्थानी होती, आणि तिच्यात फारसीतून आलेला, ज्वराच्या अर्थाचा ऱ्हस्व 'तप' होता. क्षयाला 'तप-ए-दिक' म्हणतात, तोच हा. तेव्हा कर्ज हिंदुस्थानीच्या खात्यावर लिहावे लागते. पण फारसी 'तप' आणि संस्कृत-मराठी 'ताप' एकाच धातूची भावंडे आहेत. इंग्रजीत कोमट या अर्थी वापरतात तो 'टेपिड'ही लॅटिनमार्गे त्याच घरातला. साहेबाच्या घरात हा नातेवाईक आधीच कोमट होऊन बसला होता. धाकटी पाती देवळालीहून तापलेली गेली.

पुढे ही शेपटी गळली. ताप ठाऊक असलेले शिपाई संपले आणि गावाचे नाव उरले. त्याचा ध्वनीच मुळात खुळा. 'लॅली' हे बडबडगीतातले वाटते, आणि 'देव'चा 'डू' झाल्यावर तर गाव ओळखू येणेच अवघड. बीबीसीच्या 1974 ते 1981 दरम्यानच्या एका विनोदी मालिकेची सुरुवातही देवळालीच्या छावणीतच होते.

आज 'गो डुलॅली' हा ब्रिटिश घरगुती बोलीतला, चेष्टेतला प्रयोग आहे. अमेरिकन माणसाला तो बहुधा समजावून सांगावा लागतो, आणि परीक्षेतल्या निबंधात किंवा नोकरीच्या अर्जात तो शोभत नाही. खऱ्या मनोरुग्णाबद्दल तर तो वापरूच नये. किल्ली हरवून घर डोक्यावर घेणाऱ्या मामाबद्दल चालतो. उच्चारताना जोर 'लॅ'वर द्यायचा. 'ळ' वाटेतच कुठेतरी उतरला आहे.