एका महिन्याचा वृत्तसचिव

राजाच्या पदरी भाट असे आणि बखरकारही असे. भाटाने स्तुती गावी, बखरकाराने घडले ते लिहावे, अशी निदान अपेक्षा तरी होती. लोकशाहीत ही दोन्ही कामे एकाच माणसाच्या गळ्यात पडली आणि वृत्तसचिवाचे पद निर्माण झाले. राज्यकर्त्याची बाजू मांडावयाची, पण खोटे बोलावयाचे नाही. ही कर्तव्ये एकमेकांशी भांडू लागली तर काय करावे? अमेरिकेतील एका गृहस्थाने या प्रश्नाला दिलेले उत्तर आम्हांस सांगावयाचे आहे.

१७ जून १९७२ रोजी वॉशिंग्टनच्या वॉटरगेट इमारतीत विरोधी पक्षाच्या कचेरीत घरफोडी झाली. अध्यक्ष निक्सन यांचे वृत्तसचिव रॉन झीग्लर हे जाहिरातीच्या धंद्यातून आलेले. त्यांनी ती हलक्या दर्जाची चोरी म्हणून उडवून लावली. दहा महिन्यांनी त्यांनाच सांगावे लागले की, आमची पूर्वीची निवेदने आता लागू नाहीत! पुढे ९ ऑगस्ट १९७४ रोजी निक्सन पायउतार झाले, आणि जेरल्ड फोर्ड अध्यक्ष झाले.

फोर्ड यांनी वृत्तसचिव म्हणून निवडले ते जेरल्ड टरहॉर्स्ट यांना. हे 'डेट्रॉइट न्यूज'चे वॉशिंग्टनमधील प्रमुख. १९४८ साली फोर्ड प्रथम निवडणुकीस उभे राहिले, तेव्हापासूनचा दोघांचा परिचय. पत्रकारांना वाटले, आता आपला माणूस आत गेला. खरे ऐकावयास मिळेल.

पण आतला माणूसही सर्व दालनांत जातोच असे नाही. निक्सन यांना माफी मिळणार काय, असे एका वार्ताहराने विचारले. टरहॉर्स्ट यांनी आत चौकशी केली. कॅलिफोर्नियाला दूत गेला आहे तो निक्सन यांची कागदपत्रे व ध्वनिफिती यांसाठी, असे त्यांना सांगण्यात आले. तेच त्यांनी विश्वासाने बाहेर सांगितले. रविवार, ८ सप्टेंबर रोजी फोर्ड यांनी निक्सन यांना संपूर्ण माफी जाहीर केली. त्यापूर्वीच टरहॉर्स्ट यांनी राजीनामा हाती ठेवला होता. सदसद्विवेकबुद्धीने व्हिएतनामच्या लढाईस नकार देणाऱ्या तरुणांना माफी नाही, निक्सन यांच्या आरोपी सहाय्यकांनाही नाही. मग एकट्या निक्सन यांच्या माफीचे समर्थन मी कोणत्या तोंडाने करू, असा त्यांचा आशय होता. पदावर पुरता महिना झाला होता. ते पुन्हा आपल्या वृत्तपत्राकडे गेले.

फोर्ड यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे, की देशाची जखम भरून यावी हा त्यांचा हेतू होता. ऑगस्टमध्ये ७१ टक्के लोकांची पसंती त्यांना होती. सप्टेंबरअखेर ती सुमारे ५० वर आली. १९७६ ची निवडणूक ते हरले. तरी २००१ साली त्याच निर्णयासाठी केनेडी यांच्या स्मरणार्थ दिला जाणारा धैर्याचा पुरस्कार त्यांना मिळाला.

म्हणून टरहॉर्स्ट चुकले काय? आम्हांस तसे वाटत नाही. माफी योग्य की अयोग्य, हा वाद वेगळा. जे स्वतःस पटत नाही ते पटल्याचा आव आणून लोकांना सांगावे काय, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. ज्याचे खावे मीठ त्याचे करावे नीट, असे आपण म्हणतो. ते मीठ लोकांचे आहे, एवढेच त्यांनी ओळखले.