विश्लेषण : जुने कॉम्प्युटर गेम नव्या संगणकावर का चालत नाहीत? ते जपण्याची धडपड कशासाठी?

नव्वदच्या दशकात शाळेतल्या किंवा क्लासमधल्या संगणकावर ‘डेंजरस डेव्ह’ आणि ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळलेल्यांची संख्या मोठी आहे. आज त्या गेमची फ्लॉपी माळ्यावर सापडली, तरी लॅपटॉपमध्ये ती घालायची सोय नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या गेमपैकी सुमारे ८७ टक्के गेम आता बाजारात विकतच मिळत नाहीत, असं त्यात आढळलं.

गेम चालत का नाहीत?

हे गेम ‘डॉस’ या जुन्या प्रणालीसाठी लिहिले होते. त्यातले अनेक प्रोग्रॅम १६ बिटचे आहेत आणि आजचं ६४ बिट विंडोज ते उघडतच नाही. शिवाय काही गेमचा वेग थेट प्रोसेसरच्या वेगावर अवलंबून होता. असा गेम नव्या संगणकावर कसाबसा सुरू झाला, तरी पात्रं इतकी सुसाट पळतात की खेळणं अशक्य होतं.

मग उपाय काय?

उपाय म्हणजे इम्युलेटर. नव्या संगणकाच्या आत जुन्या संगणकाची हुबेहूब नक्कल करणारा हा प्रोग्रॅम असतो. २००२ पासून उपलब्ध असलेला ‘डॉसबॉक्स’ सर्वात परिचित आहे आणि तो मोफत मिळतो. त्यात एखादा फोल्डर जुन्या ‘सी’ ड्राइव्हसारखा जोडायचा आणि गेमची फाइल सुरू करायची. गेम फार जोरात पळत असेल, तर कंट्रोल आणि एफ११ दाबून वेग कमी करता येतो. एफ१२ने तो वाढतो.

‘स्कमव्हीएम’ची पद्धत वेगळी आहे. ‘मंकी आयलंड’सारखे गेम ज्या इंजिनवर चालायचे, ते इंजिनच त्यात नव्याने लिहिलेलं आहे. मूळ गेमच्या डेटा फाइल मात्र आपल्याकडे असाव्या लागतात.

इंटरनेट आर्काइव्हने २०१५ मध्ये डॉसवरचे सुमारे २,४०० गेम थेट ब्राउझरमध्ये खेळण्यासाठी ठेवले. २००८ मध्ये सुरू झालेली ‘जीओजी’ ही कंपनी हक्कदारांशी करार करून जुने गेम नव्या संगणकावर चालतील अशा रूपात विकते.

घाई कशाची आहे?

फ्लॉपीवरची माहिती चुंबकीय थरात साठवलेली असते आणि हा थर काळानुसार खराब होतो. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चे निर्माते जॉर्डन मेकनर यांच्याकडून गेमचा मूळ सोर्स कोड हरवला होता. २०१२ मध्ये तो त्यांच्या वडिलांना घरातल्या कपाटात जुन्या फ्लॉपींवर सापडला. जाणकारांच्या मदतीने त्या वाचल्या गेल्या आणि १९८९च्या या गेमचा ॲपल टू संगणकासाठीचा कोड सर्वांसाठी खुला झाला. सगळ्याच गेमचं नशीब इतकं चांगलं नसतं.

कायदा काय सांगतो?

बाजारातून गेलेल्या गेमना ‘अबँडनवेअर’ म्हटलं जातं, पण कायद्यात असा प्रकार नाही. विक्री थांबली म्हणून कॉपीराइट संपत नाही. भारतात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृती मानला जातो आणि लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं त्याला संरक्षण असतं. मात्र ज्याच्याकडे प्रोग्रॅमची कायदेशीर प्रत आहे, त्याला ती खराब होण्याच्या भीतीने बॅकअप घेण्याची मुभा १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे.

अमेरिकेत ग्रंथालयांनी जपलेले गेम संशोधकांना घरबसल्या वापरता यावेत, अशी मागणी झाली होती. गेम कंपन्यांच्या संघटनेने तिला विरोध केला. जुन्या गेमच्या पुनर्विक्रीला फटका बसेल, असं तिचं म्हणणं होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ही मागणी फेटाळली गेली. त्यामुळे अभ्यासकाला आजही ग्रंथालय गाठावं लागतं.

कंपन्यांनी ठरवलं तर?

१९९३ मध्ये आलेल्या ‘डूम’चा सोर्स कोड त्याच्या निर्मात्यांनी १९९७ मध्ये स्वतःहून खुला केला. चाहत्यांनी तो नवनव्या यंत्रांवर आणला आणि तो गेम आजही खेळला जातो. ज्या गेमचे हक्क नेमके कुणाकडे आहेत हेच कळत नाही, तिथे परवानगी द्यायलाही कुणी नसतं. कागदपत्रांचा हा गुंता सुटेपर्यंत फ्लॉपी टिकेल का, हा खरा प्रश्न आहे.