महाविद्यालयीन कार्यक्रमपत्रिका आणि स्थानिक इतिहास : शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या संदर्भात

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लागलेली सूचना कार्यक्रम पार पडताच काढली जाते. वार्षिक अहवालात तिची एक ओळ उरते आणि काही वर्षांनी तो अहवालही रद्दीत जातो. वास्तविक संस्थेने कोणता दिवस साजरा केला, कोणाला पाचारण केले आणि कोणता दिवस विसरला, हे सांगणारे ते प्राथमिक साधन असते. ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांच्या संदर्भात महाविद्यालयीन कार्यक्रमांचे वर्ष कसे घडत गेले आणि त्यात स्थानिक इतिहासाला कोणते स्थान आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उच्च शिक्षणाची वाट

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली. १८६१ साली आगगाडी कसाऱ्यापर्यंत पोहोचली आणि शहापूर तालुका मुंबईशी लोहमार्गाने जोडला गेला. मुरबाड मात्र रस्त्यावरच अवलंबून राहिले. परंतु रेल्वे आली म्हणून महाविद्यालय आले नाही. ठाणे शहरात १९६९ साली आणि कल्याणला बिर्ला महाविद्यालयाच्या रूपाने १९७२ साली पदवी शिक्षणाची सोय झाली. तोवर, आणि त्यानंतरही काही काळ, या दोन तालुक्यांतील विद्यार्थ्याला पदवीसाठी गाव सोडणे किंवा रोजचा दीर्घ प्रवास करणे भाग होते.

पुढे शहापूर येथे सोनुभाऊ बसवंत कला व वाणिज्य महाविद्यालय आणि मुरबाड तालुक्यात शिवळे येथे शांतारामभाऊ घोलप कला, विज्ञान व गोटीरामभाऊ पवार वाणिज्य महाविद्यालय उभे राहिले. ही नावे अर्थपूर्ण आहेत. सोनुभाऊ बसवंत हे १९६७ साली भिवंडी मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले होते. घोलप व पवार यांनी विधानसभेत मुरबाडचे प्रतिनिधित्व केले. ग्रामीण भागातील उच्च शिक्षण स्थानिक सार्वजनिक जीवनाशी किती निगडित होते, याची साक्ष या नामकरणातून मिळते.

कार्यक्रमांच्या वर्षाची घडण

महाविद्यालयीन कार्यक्रमपत्रिकेत कालानुक्रमे तीन थर दिसतात. पहिला थर राष्ट्रीय दिनांचा व स्नेहसंमेलनाचा. दुसरा थर सेवाकार्याचा. गांधी जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजनेचा प्रारंभ झाला आणि दत्तक गावातील निवासी शिबिर हा महाविद्यालयीन वर्षाचा भाग बनला. तिसरा थर परिपत्रकांचा. १९८७ पासून २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन, २००६ पासून ‘आविष्कार’ संशोधन संमेलन, २०१५ पासून योग दिन, वाचन प्रेरणा दिन व संविधान दिन अशी ही यादी वाढत गेली. १९९४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेमुळे प्रत्येक उपक्रमाची छायाचित्रासह नोंद ठेवणे आवश्यक झाले. २०११-१२ पासून मुंबई विद्यापीठाच्या पदवी अभ्यासक्रमांना सत्र पद्धती लागू झाली आणि कार्यक्रमांसाठी मोकळा असलेला अवकाश आणखी आकुंचन पावला.

या दिनांचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि शहापूरची आणि दादरची कार्यक्रमपत्रिका शब्दशः सारखीच असेल, तर संस्था ज्या भूमीत उभी आहे त्या भूमीची खूण तीत कोठे शोधावी, हा प्रश्न उरतो.

स्थानिक कालगणना

या परिसराला स्वतःची कालगणना आहे. जुलै महिना भाताच्या लावणीचा, स्थानिक बोलीत आवणीचा. या काळात शेतकरी कुटुंबातील विद्यार्थी शेतावर असतो. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याण परिसरातील वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे बैलबाजार व घोंगड्यांसाठी प्रसिद्ध असलेली जत्रा भरते. महाविद्यालयातील बहुतांश स्पर्धा, शिबिरे व संमेलने डिसेंबर-जानेवारीत होतात. म्हणजे ज्या विद्यार्थ्यांचे कुटुंब भट्टीवर गेलेले असते, त्यांच्यापासून संस्थेचे उत्सवी जीवन नेमके त्याच वेळी दूर जाते. अशा विद्यार्थ्याची गैरहजेरी ‘अनास्था’ म्हणून नोंदविली जाणे अन्यायाचे आहे.

ऐतिहासिक स्मृतीच्या बाबतीतही हा परिसर संपन्न आहे. मुरबाड तालुक्यातील वैशाखऱ्याजवळून चढणाऱ्या नाणेघाटातील सातवाहनकालीन लेखात यज्ञांची व दिलेल्या दक्षिणेची आकड्यांसह नोंद आहे. समारंभाची तपशीलवार नोंद ठेवण्याचे इतके प्राचीन उदाहरण हाकेच्या अंतरावर आहे. १६३६ साली शहाजीराजांनी निजामशाहीचा अखेरचा लढा शहापूरजवळच्या माहुली गडावरून दिला. २ जानेवारी १९४३ रोजी भाई विठ्ठल लक्ष्मण कोतवाल व हिराजी पाटील हे सिद्धगडाच्या अरण्यात पोलिसांशी झालेल्या चकमकीत हुतात्मा झाले. मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडणाऱ्या ‘आझाद दस्त्या’चे ते नेते होते. सावकारी पाशातून शेतकरी सुटावा म्हणून कोतवालांनी धान्यकोठ्या उभारल्या होत्या. २ जानेवारीला पहाटे सिद्धगडावर लोक अभिवादनासाठी जमतात. ही तारीख महाविद्यालयाच्या कार्यक्रमपत्रिकेत असणे हे औपचारिकतेपेक्षा अधिक आहे; कारण हा राष्ट्रीय इतिहास विद्यार्थ्यांच्या आजोबा-पणजोबांच्या पाड्यांतून गेलेला आहे.

वर्तमानही इतिहासाइतकेच अभ्यासनीय आहे. १८९२ साली पूर्ण झालेल्या तानसापासून १९५७ च्या मोडकसागरापर्यंत आणि नंतरच्या भातसा धरणापर्यंत शहापूर तालुका मुंबईची तहान भागवीत आला आहे. त्याच तालुक्यातील कित्येक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. वनराई बंधारा बांधणाऱ्या सेवा योजनेच्या शिबिरार्थींना धरणांचा हा इतिहास सांगितला, तर श्रमदानाला अभ्यासाची जोड मिळेल. इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र व रसायनशास्त्र या विभागांना एकत्र आणणारा याहून समर्पक विषय सापडणे कठीण.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, कार्यक्रमपत्रिका आखताना विद्यापीठाच्या वेळापत्रकासोबत आवणी, स्थलांतर व जत्रा यांचे वेळापत्रक समोर असावे. दुसरी, सिद्धगड, माहुली, नाणेघाट व धरणे यांवरील किमान एक उपक्रम दरवर्षी व्हावा आणि त्यात गावातील वृद्धांच्या मौखिक आठवणींचे संकलन असावे. ज्यांनी १९४२ पाहिले ती पिढी जवळजवळ संपली आहे. त्यांच्याकडून ऐकलेली पिढी अद्याप आहे. तिसरी, जुने अहवाल, सूचनावह्या व नियतकालिके ग्रंथालयात कायमस्वरूपी जतन व्हावीत, आणि नव्या नोंदींत छायाचित्राबरोबर कोण आले, कोणत्या गावाहून आले आणि कोण येऊ शकले नाही, हेही लिहिले जावे. पाहुण्यांच्या सत्काराची नोंद सर्वत्र मिळते. अनुपस्थित राहिलेल्या विद्यार्थ्याची नोंद ज्या संस्थेत मिळेल, तिचा अहवाल भावी इतिहासकाराला खऱ्या अर्थाने उपयोगी पडेल.